बोगी, डबा आणि वाघीण

प्रश्न असा : ‘ब्रेकहार्ट पास’ (१९७५) या वेस्टर्न (म्हणजे अमेरिकेच्या जुन्या पश्चिम भागात घडणाऱ्या) रहस्यपटाचा सारांश मराठीत लिहायचा आहे. बर्फाळ डोंगरात गाडीचा मागचा भाग सुटतो आणि सैनिकांसकट कोसळतो. तिथे ‘बोगी’ लिहावं, ‘डबा’ की ‘वाघीण’?

‘बोगी’ मुळीच नको. रोजच्या बातम्यांत हा शब्द डब्यासाठी वापरला जातो, आणि तो साफ चूक आहे. बोगी म्हणजे डब्याखालची चाकांची चौकट. आपल्या नेहमीच्या प्रवासी डब्याखाली अशा दोन बोगी असतात. प्रत्येकीला दोन आस, चार चाकं. ‘रूढ झालं ते बरोबर’ म्हणणाऱ्यांनी एवढंच सांगावं, की मग कारखान्यात त्या चौकटीला काय म्हणायचं?

माणसं बसतात तो डबा. माल किंवा जनावरं जातात ती वाघीण. म्हणून सैनिकांचे डबे, घोड्यांच्या वाघिणी.

आणि वाघीण हा काय सुंदर शब्द आहे! मूळ ‘वॅगन’. ‘ग’चा ‘घ’ झाला आणि शेवटचा ‘न’ माळीण-तेलीण यांच्यातल्या ‘ईण’मध्ये जाऊन बसला. परका ध्वनी ओळखीच्या शब्दात बसवायची ही जुनी रीत. ‘रिक्रूट’चा ‘रंगरूट’ असाच झाला. ‘वाघासारखी दणकट म्हणून वाघीण’ ही व्युत्पत्ती ठामपणे सांगितली जाते, पण ती उलटी आहे : आधी ध्वनी जुळला, वाघ मागून आला. लिंगाचंही मला उघड वाटतं. गाडी स्त्रीलिंगी, तिच्यामागे वाघीणही स्त्रीलिंगी. ‘मालडबा’ सुचवणारे शुद्धिवादी हा अस्सल मराठी घाट पुसून टाकतात. लिहिताना ‘वाघीण’ दीर्घ, पण ‘वाघिणी’, ‘वाघिणीत’ ऱ्हस्व.

क्रियापदही जपा. डबे आधी ‘सुटतात’, उतारावर मागे धावतात, मग ‘घसरतात’. सरसकट ‘घसरले’ लिहिलं तर रहस्यच हरवतं, कारण घातपात सुटण्यात आहे. गोष्ट १८७० च्या दशकातली, म्हणून ‘हातब्रेक’ लिहा. तो फिरवणारा माणूसच नसला तर सुटलेले डबे थांबत नाहीत. डब्यांमधली हवेची जोडनळी तुटताच आपोआप लागणारा, अमेरिकी संशोधक वेस्टिंगहाउसचा हवेचा ब्रेक १८७२ चा, म्हणजे तेव्हा नवाच, आणि अमेरिकेत गाडीभर चालणाऱ्या ब्रेकची सक्ती करणारा कायदा थेट १८९३ चा.

‘वेस्टर्न’ मात्र तसाच ठेवा. ‘पाश्चात्त्य’मध्ये अख्खा युरोपही येतो.