मोजे न काढता केलेली मधुमेहाची वार्षिक तपासणी अर्धवटच

प्रश्न असा आहे: वडिलांना १२ वर्षं टाइप २ मधुमेह, एचबीए१सी ६.८. विम्यातून वर्षाला एक मोफत हेल्थ चेकअप मिळतो, तेवढा पुरे का? आणि नवी पॉलिसी घेताना मधुमेह लिहावा का?

पुरे नाही. ६.८ चांगला आहे, पण तो मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तातल्या साखरेचा हिशेब आहे. बारा वर्षांत नसांचं काय झालं, ते त्यात दिसत नाही. रक्त कमी असेल किंवा नुकतंच चढवलं असेल, तर तो आकडाही फसवतो.

अशा पॅकेजमध्ये बहुधा रक्ताच्या चाचण्यांचीच भरती असते, कारण एका सुईत काम भागतं. पाय कुणी बघत नाही, आणि माझा राग त्यावरच आहे. मधुमेहामुळे पाय कापण्याचं प्रमाण निम्म्यावर आणायचं, हे मधुमेहावरच्या १९८९ च्या युरोपीय सेंट व्हिन्सेंट जाहीरनाम्यातलं उद्दिष्ट. त्यासाठी लागणारी पहिली तपासणी नायलॉनच्या धाग्यानं, पाच-दहा मिनिटांत होते.

हा धागा, म्हणजे १० ग्रॅमच्या दाबाला वाकणारा मोनोफिलामेंट, आधी हातावर टेकवून स्पर्श कसा लागतो ते दाखवायचं. मग डोळे मिटायला सांगून अंगठ्याचा तळ, चवड्यावर अंगठ्याखालची आणि करंगळीखालची जागा तपासायची. धागा काटकोनात टेकवून वाकेपर्यंत दाबायचा, एक-दोन सेकंद, आणि उचलायचा. प्रत्येक जागी दोनदा खरा स्पर्श, एकदा नुसताच प्रश्न. तीनपैकी दोन उत्तरं बरोबर आली तर संवेदना शाबूत. चुका ठरलेल्या आहेत: घट्ट्यावर धागा टेकवतात, तो कातडीवर घासतात, किंवा टेकवतानाच 'कळतंय ना?' विचारतात, मग माणूस हो म्हणणारच. एकाच दिवशी अनेकांवर वापरला की धागा मऊ पडतो, त्याला २४ तास विश्रांती लागते.

त्याबरोबर कंपन कळतं का ते बघायला १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क (वाजवल्यावर थरथरणारा धातूचा चिमटा) अंगठ्याच्या हाडावर, आणि पावलावरची व आतल्या घोट्यामागची नाडी. बोटांच्या बेचक्या, घट्टे, बुटांचे आतले शिवण हेही बघायचं. सगळं ठीक असेल तर पुढची तपासणी वर्षानं. संवेदना गेली असेल किंवा नाडी लागत नसेल, तर ६ ते १२ महिन्यांनी. दोन्ही असेल, किंवा त्यातल्या एकासोबत पावलाचा आकारही बिघडला असेल तर ३ ते ६. आधी जखम होऊन गेली असेल तर १ ते ३. 'दुखत नाही म्हणजे पाय ठीक' असं म्हणणाऱ्यांशी माझा जुना वाद आहे. संवेदना गेलेल्या पायात खिळा घुसला तरी दुखत नाही, म्हणूनच तो पाय जातो.

दुसरा वाद क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंड रक्तातून गाळून टाकतं त्या टाकाऊ पदार्थाचा. मूत्रपिंडाचं काम बरंच घटेपर्यंत क्रिएटिनिन नॉर्मल दिसू शकतं. लघवीतला अल्ब्युमिन (एक प्रथिन)-क्रिएटिनिन रेशो मागा, सकाळच्या पहिल्या लघवीचा. ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या आत ठीक. वर आला तर घाबरू नका: ताप, लघवीचा संसर्ग किंवा आदल्या दिवशीचा जोरदार व्यायाम यानंही वाढतो. तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोन नमुने जास्त आले तरच तो खरा. सोबत रक्तातून ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज.

डोळ्यांचा पडदा बाहुली मोठी करूनच बघून घ्या, त्या दिवशी गाडी चालवू नये. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर बी१२ जीवनसत्त्वही तपासा. त्याच्या कमतरतेनंही पायांना मुंग्या येतात, आणि खापर मधुमेहावर फुटतं.

विम्याचं: मधुमेह लिहायचाच. लपवलेला आजार जुन्या केस पेपरमधून आणि औषधांच्या बिलांतून बाहेर येतो, आणि तो नेमका दाव्याच्या वेळी. जुनी पॉलिसी सोडण्याआधी पूर्ण झालेला प्रतीक्षा काळ (आधीपासूनच्या आजाराचा दावा मिळत नाही तो काळ) नवीत धरला जाईल का, आणि दवाखान्यात भरती न होता केलेल्या तपासण्यांचे पैसे मिळतील का, ही दोन उत्तरं लेखी घ्या. काही योजनांत नेहमीची तपासणी आणि डॉक्टरांनी तक्रारीवरून सांगितलेली तपासणी यांचे नियम वेगळे असतात, म्हणून चिठ्ठीवर कारण लिहून मागा.

हे सगळं टाइप २ साठी. टाइप १ मध्ये डोळ्यांची पहिली तपासणी निदानानंतर पाच वर्षांच्या आत चालते, टाइप २ मध्ये निदान होताच. गरोदरपणात वेळापत्रकच वेगळं. आणि पायावर जखम, लाली किंवा एकच पाऊल गरम लागत असेल, तर वार्षिक चेकअपची तारीख बघत बसू नका, त्याच दिवशी दाखवा.