परदेशी कंपन्या कायद्यात बसवून कर वाचवतात, मग त्यात गैर काय?

गैर आहे, कायद्यात बसलं म्हणजे नीतीतही बसलं, असं होत नाही. वाळूज एमआयडीसीतल्या छोट्या कारखान्यांचे हिशेब मी बघतो, तिथे फरक कागदावरच दिसतो. प्रेस पार्ट बनवणारी भागीदारी फर्म नफ्यावर सरळ 30 टक्के आयकर भरते, वर 4 टक्के सेस. नफा हलवायला तिच्याकडे दुसरा देशच नाही. बहुराष्ट्रीय कंपनी मात्र ब्रँड आणि पेटंट कमी कराच्या देशातल्या आपल्याच कंपनीच्या नावावर ठेवते आणि इथल्या कंपनीकडून रॉयल्टी (ते ब्रँड-पेटंट वापरण्याचा मोबदला), मॅनेजमेंट फी, कर्जावरचं व्याज काढून घेते. कामगार इथले, जायकवाडीचं पाणी इथलं, नफा तेवढा बाहेर. असे व्यवहार बाजारभावानेच व्हावेत असं कायदा सांगतो खरा, पण जे पेटंट बाजारात कधी आलंच नाही त्याचा भाव लावायचा कुणी? खरी मेख तिथेच आहे. सरकारांनाही हे खटकतंच : करटाळणीविरोधी ‘गार’ नियम भारतात 1 एप्रिल 2017 पासून लागू आहेत आणि 2021 मध्ये 130 हून जास्त देशांनी मोठ्या कंपन्यांसाठी किमान 15 टक्के कराला मान्यता दिली.

मात्र कमी कर दिसला की लगेच बोट दाखवू नये. सवलत सरकारनेच देऊ केलेली असू शकते. तंत्रज्ञान खरंच दिलं असेल तर रॉयल्टीही रास्तच. नफा जिथे दाखवलाय तिथे माणसं किती, काम काय, ते आधी बघा. नुसती पाटी आणि टपालाचा पत्ता निघाला, तर शंका घ्यायला जागा आहे.