वाचकांचे प्रश्न : कमांडोची तयारी, झोप आणि हाडे

प्रश्न : आम्ही खानापूर तालुक्यातील. माझा थोरला भाऊ मराठा लाइट इन्फंट्रीत आहे आणि पलटणीच्या घातक या कमांडो तुकडीसाठी त्याला बेळगावच्या कमांडो कोर्सला जायचे आहे. कोर्समध्ये झोप मिळत नाही, तेव्हा शरीराला आधीच सवय लागावी म्हणून सुट्टीवर आल्यापासून तो रोज चारच तास झोपतो. मीही भरतीची तयारी करत असल्याने त्याच्याबरोबर तसेच करू लागलो आहे. याचा उपयोग होईल का?

उत्तर : उपयोग होणार नाही, उलट नुकसान होईल, म्हणून दोघांनीही आजपासून हे थांबवावे. 1922 पासून बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे प्रशिक्षण केंद्र, म्हणजे मराठा सेंटर, असल्यामुळे या पट्ट्यातील कितीतरी घरांत फौजेची परंपरा आहे आणि असे प्रश्न आमच्याकडे वारंवार येतात, त्यामुळे उत्तर थोडे सविस्तर देत आहे.

कठीण कोर्समध्ये जवानाला उपाशी आणि जागे ठेवतात, ते थकलेल्या अवस्थेत त्याचा निर्णय, संयम आणि साथीदारांशी वागणे कसे राहते हे पाहण्यासाठी. ती परीक्षा असते. परीक्षेतील हाल घरी आधीच सोसल्याने ताकद वाढत नाही, कारण व्यायामाने झिजलेल्या स्नायूंची भरपाई बरीचशी झोपेतच होते, आणि दिवसा शिकलेले कौशल्य, मग ते नकाशावाचन असो वा शस्त्र हाताळणे, मेंदूत पक्के बसते तेही झोपेतच. तरुण पुरुषांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिले तेव्हा त्यांचे टेस्टोस्टेरॉन, म्हणजे स्नायूंना बळ देणारे पुरुषी हार्मोन, 10 ते 15 टक्क्यांनी घटल्याचे 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. जागरणाची सवय होते हा समजही खरा नाही. 2003 च्या एका प्रसिद्ध प्रयोगात सलग 14 दिवस रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपलेल्यांची एकाग्रता एक ते दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी खालावली होती, आणि सर्वांत काळजीची बाब म्हणजे आपण किती मंदावलो आहोत याची त्यांना फारशी जाणीवच नव्हती. तुमच्या भावाला आता सवय झाल्यासारखे वाटत असेल, तर ते याच कारणाने.

अमेरिकी लष्करातील निवडक जवानांच्या खडतर रेंजर कोर्सचा 1991 मध्ये बारकाईने अभ्यास झाला. सुमारे दोन महिन्यांच्या त्या कोर्समध्ये अपुरे अन्न आणि अपुरी झोप यांमुळे जवानांचे वजन सरासरी जवळजवळ 16 टक्क्यांनी घटले, हार्मोन्स तळाला गेले आणि आजारपण वाढले. पुढच्या वर्षी शिधा जेमतेम 15 टक्क्यांनी वाढवला, तेव्हा कोर्स तितकाच खडतर राहूनही वजनातील घट आणि संसर्ग दोन्ही कमी झाले. निवडक जवानाची क्षमता वाढवायची तर त्याच्या ताटाकडे आणि अंथरुणाकडे पाहावे लागते, हे मला यातून फार महत्त्वाचे वाटते. आपल्या तालमींतील जुने वस्ताद मेहनतीइतकेच खुराकाकडे आणि विश्रांतीकडे लक्ष देत आले आहेत.

मग कोर्सआधी काय करावे? नेमके उलट. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लष्करी प्रयोगात काही जणांना आठवडाभर रोज दहा तास अंथरुणात घालवायला सांगितले आणि पुढचा आठवडा सर्वांनाच रोज तीनच तास झोपू दिले. आधी भरपूर झोपलेले लोक त्या कठीण आठवड्यात इतरांपेक्षा अधिक सावध राहिले आणि नंतर लवकर सावरले. भावाने निघण्यापूर्वीचे आठ-दहा दिवस रात्री लवकर झोपावे आणि दुपारीही अर्धा तास पडावे. तुम्ही मात्र वर्षभर रोज सात ते नऊ तासांचा नेम पाळा.

प्रश्न : भरतीच्या तयारीसाठी मुले डब्यातली तरतरी आणणारी पावडर घेतात. ती घ्यावी का?

उत्तर : घेऊ नये. अशा पावडरींतील मुख्य घटक बहुधा कॅफीनच असतो, आणि एका मापात तो अनेक कप चहाइतका असू शकतो. अमेरिकी नौदलाच्या सील या कमांडो दलाच्या जवानांवर सलग तीन दिवसांच्या जागरणात केलेल्या चाचण्यांत 200 मिलिग्रॅम कॅफीनने सावधपणा सुधारला, पण नेमबाजी सुधारली नाही. उन्हात धावण्यापूर्वी त्याचा मोठा डोस घेतल्यास छातीत धडधड होते आणि रात्रीची झोपही जाते.

प्रश्न : माझा मुलगा निपाणीजवळच्या डांबरी रस्त्यावर पाठीवर वाळूची पिशवी घेऊन पळतो. महिन्याभरातच नडगीत एका जागी दुखू लागले आहे. कमांडो असेच करतात, असे तो म्हणतो. — एक आई

उत्तर : ताई, त्याचे पळणे आजच थांबवा. नवा ताण पडला की हाड आधी जुना भाग झिजवते आणि मग नवा भरते. या मधल्या काही आठवड्यांत ते कमकुवत असते, तर स्नायू आणि दम त्याच्या कितीतरी आधी वाढलेले असतात. दम असल्यामुळे मुलगा पळत राहतो आणि हाडाला बारीक तडा जातो. बोटाने दाबल्यावर एकाच ठिकाणी दुखणे ही त्याची खूण आहे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो, म्हणून तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. हाडांच्या डॉक्टरांना एमआरआयची गरज आहे का ते विचारा. कमांडोही ओझे टप्प्याटप्प्याने वाढवतात, आणि 1.6 किलोमीटर पळण्याच्या भरतीच्या चाचणीसाठी वाळूच्या पिशवीची गरजच नाही.

अमेरिकी नौदलातील महिला रिक्रूटांना कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दिल्यावर असे तडे सुमारे 20 टक्क्यांनी कमी झाले होते. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेव्हा नाचणीची भाकरी, दूध आणि सकाळचे ऊन चालू ठेवा. डॉक्टरांनी परवानगी दिल्यास दम टिकवण्यासाठी तो सायकल चालवू शकेल किंवा पोहू शकेल. पळणे पुन्हा सुरू कराल तेव्हा मातीच्या मैदानावर, एक दिवसाआड आणि पाठीवर काही न घेता करा.