पदवी खरी आहे, पण खेड्यात जागा कुठे आहे?

कळव्याहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मूळ गाव शहापूर तालुक्यात, खर्डीच्या पुढे. मुलगी बारावी सायन्स चांगल्या मार्कांनी पास झाली, पण नीटमध्ये सरकारी एमबीबीएसपुरते गुण नाहीत आणि खासगी कॉलेजची फी झेपणारी नाही. नवी मुंबईतल्या एका प्रवेश एजंटने ‘बीएस्सी फिजिशियन असिस्टंट’ सुचवलं. चार वर्षांत निम्मी डॉक्टर होईल, गावी दवाखाना टाकता येईल, पुढे अमेरिकाही आहे, असं तो म्हणतो. मुलीला गावाकडच्या माणसांसाठीच काम करायचं आहे. आईचं एकच म्हणणं: काहीही कर, नर्सिंग नको. वडील विचारतात, हा कोर्स खरा आहे का आणि पैसे भरावेत का?

नमस्कार.

कोर्स खरा आहे. एजंटने त्यावर चढवलेली कल्हई मात्र खोटी आहे, आणि तुमच्या मुलीच्या बाबतीत नेमकी तीच महागात पडेल.

या व्यवसायाची सुरुवात अमेरिकेत १९६५ साली ड्यूक विद्यापीठात झाली. डॉक्टर कमी पडत होते आणि नौदलातून परतलेली, जखमी सैनिकांवर उपचार केलेली अनुभवी माणसं रिकामी होती. त्यांना शिकवून डॉक्टरच्या हाताखाली आणायचं, ही कल्पना. १९६९ मध्ये सिएटलला ‘मेडेक्स’ नावाचा कार्यक्रम निघाला. तिथे विद्यार्थ्यांना थोडे महिने वर्गात बसवून थेट खेड्यापाड्यातल्या डॉक्टरांकडे शिकायला पाठवत. जिथे शिकले तिथेच बरेच जण राहावेत, हा त्यामागचा हिशेब. खेड्यात वाढलेली मुलं निवडा आणि त्यांना खेड्यातच शिकवा, हे जागतिक आरोग्य संघटनाही आता सांगते. तुमची मुलगी या चौकटीत अगदी बसते, म्हणून एजंटचं बोलणं तिला पटलं असणार.

भारतात मात्र या कोर्सने दुसरी वाट धरली. १९९२ मध्ये चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये डॉ. के. एम. चेरियन यांनी तो सुरू केला तो हृदय शस्त्रक्रियेच्या गरजेतून. त्यामुळे आपल्याकडचे फिजिशियन असिस्टंट मुख्यतः मोठ्या शहरी रुग्णालयांत दिसतात. पेशंटची हिस्ट्री घेणं, राउंडच्या नोंदी, डिस्चार्ज समरी, ऑपरेशनमध्ये सर्जनला मदत, आयसीयूत लक्ष ठेवणं. काम चांगलं आहे, शिकायला भरपूर मिळतं. २०२१ च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्यात ‘फिजिशियन असोसिएट’ या नावाने या व्यवसायाची नोंद आहे, त्यामुळे हा काही गल्लीतला डिप्लोमा नव्हे.

पण प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मंजूर पदांची यादी काढून बघा. वैद्यकीय अधिकारी, परिचारिका, औषधनिर्माण अधिकारी, लॅब टेक्निशियन, आरोग्य सहाय्यक सापडतील. फिजिशियन असिस्टंट सापडणार नाही. म्हणजे पदवी घेऊन ती खर्डीला गेली, तर तिला बसायला सरकारी खुर्चीच नाही. ट्रस्टची रुग्णालयं, फिरते दवाखाने इथे काम मिळू शकतं, पण ते शोधावं लागतं, आणि तिथेही डॉक्टर शेजारी हवाच.

दवाखान्याचं तर नावच काढू नका. फिजिशियन असिस्टंटला स्वतंत्र प्रॅक्टिस करता येत नाही. महाराष्ट्रात १९६१ च्या वैद्यक व्यवसायी कायद्याने नोंदणीशिवाय वैद्यकी करणं गुन्हा आहे. वर्तमानपत्रात ‘बोगस डॉक्टर’ म्हणून छापून येतात ते याच कायद्याखाली. अमेरिकेचंही तेच. तिथे फिजिशियन असिस्टंट व्हायला तिथलाच मान्यताप्राप्त कोर्स, आता पदव्युत्तर पातळीचा, करून त्यांची परीक्षा द्यावी लागते. इथली बीएस्सी घेऊन थेट नोकरी नाही.

कोणी म्हणेल, कायदा बदलतोय. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम ३२ मध्ये ‘कम्युनिटी हेल्थ प्रोव्हायडर’ला औषधोपचाराचा मर्यादित परवाना देण्याची तरतूद आहे, खरं आहे. पण असल्या तरतुदींच्या भरवशावर मुलांनी वर्षं घालवू नयेत, असं मला आसामकडे बघून वाटतं. तिथे २००४ च्या कायद्याने ग्रामीण आरोग्यसेवेसाठी तीन वर्षांचा डिप्लोमा काढला. मुलं शिकली, खेड्यांत कामाला लागली. २०१४ मध्ये गौहाती उच्च न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला आणि जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. सरकारने त्यांची सोय लावायला दुसरा कायदा केला हे खरं, पण इतकी वर्षं टांगणीला कोण लागलं?

आता खेड्यात आज खरोखर असलेली खुर्ची. २०१८ पासून प्राथमिक आरोग्य केंद्राखालच्या उपकेंद्रांमध्ये ‘समुदाय आरोग्य अधिकारी’ हे पद आलं, ज्याला सगळे सीएचओ म्हणतात. उपकेंद्र साधारण ५,००० लोकांमागे एक, आदिवासी आणि डोंगरी भागात ३,००० मागे. शहापूर, मुरबाड, पलीकडे जव्हार, मोखाडा, सगळीकडे हीच रचना. सीएचओ बीपी, शुगर तपासते, तीस वर्षांवरच्यांची तोंडाच्या, स्तनांच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणी करते, ठरलेली औषधं देते, अडलं तर ई-संजीवनी या सरकारच्या ऑनलाइन सल्लासेवेवरून डॉक्टरांशी बोलून घेते. आशा आणि आरोग्यसेविका तिच्या टीममध्ये असतात. अमेरिकेत खेड्यांसाठी जो माणूस घडवायचा होता, त्याच्या सर्वांत जवळचं आपल्याकडचं काम हे आहे.

त्या खुर्चीपर्यंत बीएस्सी नर्सिंग किंवा बीएएमएसने जाता येतं. नर्सिंगच्या नव्या अभ्यासक्रमात या कामाचं प्रशिक्षण आहेच. जुन्या अभ्यासक्रमाच्या मुलींना सहा महिन्यांचा प्रमाणपत्र कोर्स करावा लागे. नोकरी कंत्राटी आहे, हे लपवत नाही. ठरलेलं मानधन आणि वर कामगिरीप्रमाणे मोबदला, अशी रचना असते. मोबदला वेळेवर मिळत नाही, अशी तक्रार मी अनेक मुलींकडून ऐकली आहे. कायम सरकारी नोकरी हवी असेल तर परिचारिका भरतीचा दरवाजाही नर्सिंगच्याच पदवीने उघडतो, फिजिशियन असिस्टंटच्या पदवीने नाही.

तेव्हा ताईंशी, म्हणजे मुलीच्या आईशी, मला जरा बोलायचं आहे. नर्सिंग नको यामागे काय आहे ते मला कळतं. पण महाराष्ट्रात खेड्यातलं आरोग्य पदवीच्या थाटाने सुधारलेलं नाही. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या साध्या, पुष्कळदा निरक्षर बायकांना शिकवून बाळंतपणांचं आणि बालमृत्यूंचं चित्र पालटलं. महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन ही गोळी वापरून माणसं वाचवली, आणि ती गोळी वेळेवर द्यायला फार मोठी डिग्री लागत नाही. गावात हजर असलेलं, शिकलेलं माणूस लागतं. तुमची मुलगी ते होऊ शकते.

हो, तिच्या मनात मुळात ऑपरेशन थिएटर असेल आणि गाव हे नुसतं बोलण्यात असेल, तर फिजिशियन असिस्टंट जरूर करावा. तिलाच विचारा, आणि तुम्ही दोघं समोर नसताना उत्तर देऊ द्या. तसं ठरलं तर कॉलेजला स्वतःचं रुग्णालय किती खाटांचं आहे, इंटर्नशिप कुठे होते, मागच्या बॅचची मुलं आज कुठे कामाला आहेत, हे कॉलेजात जाऊन विचारा. त्या मुलांपैकी दोघांशी फोनवर बोलल्याशिवाय फी भरू नका. एजंटला टोकन म्हणून एक रुपयाही देऊ नका.

नर्सिंगचं ठरलं तर राज्याच्या सीईटी सेलच्या वेबसाइटवर बीएस्सी नर्सिंगचं वेळापत्रक आजच बघा. त्याची प्रवेश परीक्षा वेगळी असते. नीट दिली म्हणून ती आपोआप धरली जात नाही. तारीख गेली असेल तर मला कळवा, या वर्षीचं काय करायचं ते बोलू.