मास्क चावतो!

"पाच वर्षांचा आहे, पण अजिबात ऐकत नाही हो. दोन मिनिटांत मास्क काढून फेकतो. समजावलं, रागावलो, मोबाइलचं आमिषसुद्धा दाखवून झालं. आजी आजी करत दिवसभर मागे असतो, मग तिच्यासाठी एवढं करायला काय होतं?"

आईने हे एका दमात सांगितलं. तोवर चिरंजीव माझ्या टेबलाखाली शिरून स्क्रू मोजत होते. त्याला इथे सोनू म्हणते. घरचे बाकीचे तपशीलही ओळखू येणार नाहीत इतके बदलले आहेत.

आजीची केमोथेरपी चालू होती. या औषधांनी रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, मग साधी सर्दीही अंगावर येऊ शकते. म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं, की सोनूला सर्दी-खोकला असेल तर त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, आणि एरवी जायचं ते मास्क लावून. तोवर सोनू आजीच्याच पांघरुणात झोपणारा. आता रोज दारातच रडारड.

मुलं मास्क लावत नाहीत ही तक्रार करोनाच्या काळात मी इतक्यांदा ऐकली, की माझं उत्तर तयारच होतं. तक्ता! दहा मिनिटं मास्क राहिला की एक चांदणी, पाच चांदण्या झाल्या की बक्षीस. मुलाकडे नीट न बघताच मी तो तक्ता त्यांच्या हातात दिला. आठवड्याने ती मंडळी आली तेव्हा त्यावर दोन चांदण्या होत्या, आणि त्यातली एक आईने कीव येऊन चिकटवलेली.

उठता उठता आई म्हणाली, "आता तर नवीनच नाटक. म्हणतो, मास्क चावतो."

बाबा हसले. मीही हसणारच होते. पण नवी चप्पल चावते असं आपण मोठी माणसं म्हणतोच की. तेव्हा कुणी आपल्याला नाटकी म्हणत नाही, आधी टाच बघतात. मी त्यांना परत बसवलं.

माझ्याकडे एक कापडी बाहुली आहे, पोरांनी हाताळून हाताळून मळलेली. ती आणि लाल स्टिकरचा कागद सोनूपुढे ठेवला. "मास्क कुठे कुठे चावतो, दाखव बरं." त्याने जराही विचार न करता बाहुलीच्या दोन्ही कानांमागे एकेक स्टिकर लावला. मग डोळ्यांच्या खाली दोन. मग थोडं थांबून एक बरोब्बर ओठांवर. शेवटचा नाकाच्या शेंड्यावर चिकटवला आणि म्हणाला, "इथे वास चावतो, मावशी."

मी त्याचा कान हलकेच पुढे वळवला. मागच्या घडीत एक बारीक लाल रेघ होती, दोऱ्याने काचल्यासारखी. एका जागी साल निघालं होतं. आईने बघितलं आणि ती काही बोललीच नाही.

मग मी तो मास्क मागून घेतला. बाहेरून गोजिरवाणा, कार्टूनचं चित्र वगैरे. पण इलॅस्टिक सुतळीसारखं गोल, बारीक आणि करकचून ताणलेलं. लहान मुलाचा कान मऊ असतो, तो पुढे ओढला जातो आणि सगळा ताण त्या एका रेघेवर येतो. नाकावरची तार सोनूच्या चेहऱ्याच्या मानाने लांब होती, तिची टोकं डोळ्यांखाली टोचत होती. मधोमध उभी शिवण होती, ती आतून ओठांना घासायची. कापड पातळ आणि सैल, श्वास घेतला की तोंडात जायचं, दहा मिनिटांत ओलं व्हायचं. आणि धुलाईच्या सुगंधी द्रव्याचा असा भपकारा, की मलाच शिंक आली. बाहुलीवरच्या एकूण एक स्टिकरचा हिशेब लागला.

आणखी एक गोष्ट होती, ती सोनूला कळण्यासारखी नव्हती. मास्कला एका बाजूला प्लॅस्टिकची गोल झडप होती. "याने श्वास मोकळा होतो म्हणून मुद्दाम हाच घेतला," बाबा म्हणाले. झडपेतून बाहेर पडणारा श्वास गाळलाच जात नाही. घालणाऱ्याला बरं वाटतं, समोरच्याचं रक्षण होत नाही. इथे रक्षण करायचं होतं ते तर समोरच्या आजीचं. पोराने एवढं सोसून तो मास्क लावला असता, तरी जे हवं होतं तेच मिळालं नसतं. हे मात्र मी त्या दिवशी बाबांना जरा सौम्य शब्दांत सांगितलं.

झडपेवरून बाबांच्या मनातली खरी भीती बाहेर आली. "पण मॅडम, एवढ्या लहान मुलाचा श्वास नाही का कोंडणार? आपलाच सोडलेला वायू पुन्हा आत जात असेल."

हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक आईबाप विचारतात. ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडचे रेणू कापडाच्या छिद्रांपुढे इतके सूक्ष्म असतात, की ते सहज ये-जा करतात. गुदमरल्यासारखं होतं ते बहुतेक वेळा ओल्या कापडाने. भिजलेलं कापड तोंडाला चिकटतं आणि हवा जड येते. म्हणून ओला झाला की मास्क बदलायचा, दोन-तीन जास्तीचे जवळ ठेवायचे. वयाचं बंधन मात्र खरं आहे. दोन वर्षांखालच्या बाळाला मास्क लावायचाच नाही, आणि ज्याला स्वतःच्या हाताने तो काढता येत नाही त्यालाही नाही. झोपेत नाही, पळापळीच्या खेळात नाही. करोनाच्या काळात, ऑगस्ट २०२० मध्ये, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनीही पाच वर्षं आणि त्याखालच्या मुलांवर मास्कची सक्ती नको असंच सांगितलं होतं. घरात आजारी माणूस असेल आणि लावावाच लागला, तर मोठ्याची नजर सतत मुलावर हवी. ज्याला दमा किंवा छातीचा त्रास आहे, त्याच्या बाबतीत आधी त्याच्या डॉक्टरांना विचारायचं. सोनूला मी म्हटलं, काढून दाखव. त्याने एका झटक्यात काढला. त्यात तर तो पटाईतच होता.

पुढचे काही दिवस आईने चक्क संशोधन केलं. पाकिटावर 'मुलांसाठी' छापलेलं असतं त्यावर जाऊ नका, चेहऱ्यावर लावून बघा, एवढंच मी सांगितलं होतं. वरची कड डोळ्यांच्या बरीच खाली हवी, खालची हनुवटीच्या खालून वळायला हवी, बाजूच्या कडा कानाला भिडता कामा नयेत. मग मुलाला मोठा 'आ' करायला सांगायचं. तेवढ्याने मास्क नाकावरून घसरला तर माप चुकलं. मोठ्यांचा मास्क गाठी मारून लहान करता येतो, पण इलॅस्टिकला गाठ मारली की बाजूला फट पडते, ती कड आत दुमडून बुजवावी लागते. वेळ निभावण्यापुरतं ते ठीक.

शेवटी जमला तो बोटीच्या आकाराचा, तोंडापासून जरा उभा राहणारा. आतून मऊ सुती, तीन पदरी, उभ्या शिवणीशिवाय. तार आखूड, आणि तिची टोकं कापडात मुडपलेली. पहिल्यांदा वापरण्याआधी आईने तो बिनवासाच्या साबणाने दोनदा धुतला, म्हणजे नव्या कापडाची खळही गेली. कानांचं काम सोनूच्या टोपीने केलं. आईने टोपीला दोन्ही बाजूंना एकेक मोठं बटण शिवलं आणि मास्कचे फासे कानांऐवजी बटणांना अडकवले. कानांना विश्रांती. गळ्यात अडकवायची दोरी तेवढी मी नको म्हटलं, खेळताना ती कशात अडकली तर गळ्याला फास बसायचा.

सवय लावायची घाई केली नाही. कानामागचं साल भरून येईपर्यंत मास्क फक्त बाहुलीला. मग पाच आकडे मोजेपर्यंत सोनूला, मग एका गाण्यापुरता, मग एका गोष्टीपुरता. काढायचा अधिकार त्याचा, अट एवढीच की खोलीच्या दारात जाऊन काढायचा. तक्ता मी परत मागून घेतला.

मधल्या एका भेटीत टोपीचं बटण फिरवत त्याने विचारलं, "माझ्यात जंतू आहेत ना? बाबांच्यात नाहीत." मी आईकडे बघितलं. बाबा त्या खोलीत मास्क न लावताच जायचे, पाच मिनिटांचंच काम म्हणून. घरात एकट्या पोरालाच मास्क, यावरून त्याने काढलेला निष्कर्ष अगदी सरळ होता. आजीला आजारपण आपल्यामुळेच आलं, असंही त्याने मनाशी धरलं होतं. हे त्या कानामागच्या रेघेपेक्षा खोल होतं. त्याला सांगितलं, की जंतू सगळ्यांच्याच नाकात असतात, आजीचं दुखणं त्यातल्या कुणामुळेच आलेलं नाही, आणि तिच्या अंगातले पहारेकरी सध्या औषधाने दमलेत म्हणून सगळ्यांनीच जपायचं. बाबांना वेगळं सांगावं लागलं नाही. त्या संध्याकाळपासून ते मास्क लावूनच आत गेले, आणि सोनूने त्यांनाही मोठा 'आ' करायला लावला.

मास्क तो अजूनही काढतो. कधी वीस मिनिटांनी, कधी पाचव्याच मिनिटाला. काढायचा झाला की उठून दारात जातो, टोपीसकट काढतो आणि उंबऱ्यावर बसून अर्धी राहिलेली गोष्ट तिथूनच पुढे चालू करतो. आजी म्हणते, आत असला की कुजबुजतो, आणि दारात गेला की सगळ्या घराला ऐकू जाईल एवढ्याने ओरडतो, त्यामुळे तिची दुपारची झोप तेवढी रोज मोडते.