पाय ब्रेकवर, तरी गाडी सुटली
वाचकांचे प्रश्न : वाहन आणि सुरक्षा

प्रश्न : माझ्या वडिलांचं वय ७१. आयुष्यभर क्लचची गाडी चालवली, यंदा एएमटी, म्हणजे क्लच पेडल नसलेली ऑटोमॅटिक गाडी घेतली. सोसायटीच्या पार्किंगमध्ये लावताना ती एकदम उसळून भिंतीवर आदळली. बाबा शपथेवर सांगतात, पाय ब्रेकवरच होता. सर्व्हिस सेंटर म्हणतं, गाडीत दोष नाही. कोणाचं खरं मानायचं? – लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : बाबांना खोटं पाडू नका. पाय चुकून ॲक्सिलरेटरवर पडला तरी माणसाला तो ब्रेकवरच आहे असं मनापासून वाटतं. गाडी थांबत नाही म्हणून तो आणखी जोरात दाबतो, आणि गाडी आणखी पळते. ऑडी ५००० बद्दलच्या अशाच तक्रारींवर अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याचा अहवाल १९८९ मध्ये आला. बहुतेक घटनांत चुकीचं पेडल दाबलं गेलं, असा त्याचा निष्कर्ष होता. ऑटोमॅटिकमध्ये ब्रेक दाबल्याशिवाय गिअर ‘पी’मधून (पार्किंग) न हलण्याची सोय त्याच काळात रुळली.

तरी सर्व्हिस सेंटरच्या तोंडी उत्तरावर थांबू नका. सोसायटीचं सीसीटीव्ही फुटेज आजच मागून घ्या, कारण बहुतेक ठिकाणी ते काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. गाडीचा मागचा भाग दिसत असेल तर ब्रेकचे दिवे बघा. पेडल किंचित दबलं तरी ते लागतात. उसळताना दिवे लागलेले असतील तर बाबांच्या म्हणण्याला भक्कम आधार आहे. दिवे चालू स्थितीत असूनही लागले नसतील, तर पाय ब्रेकवर नव्हता. गाडीचा संगणक तपासणाऱ्या स्कॅनरचा अहवाल लेखी मागा आणि त्याआधी कोणालाही त्यातले कोड (बिघाडाच्या नोंदी) पुसू देऊ नका. आजच्या ॲक्सिलरेटर पेडलमध्ये दोन सेन्सर असतात. दोघांचे आकडे जुळले नाहीत तर संगणक सहसा कोड नोंदवतो आणि इंजिनची ताकद कमी करतो.

आता मूळ अडचण. क्लचच्या गाडीत घाबरलेला माणूस दोन्ही पाय दाबतो. उजवा चुकला तरी डावा क्लच दाबून चाकांपर्यंत जाणारी ताकद तोडतो. चूक होते, पण झाकली जाते. ऑटोमॅटिकमध्ये डाव्या पायाला कामच नाही, म्हणून तीच चूक भिंतीपर्यंत जाते. इतक्या वर्षांची सवय एका टेस्ट ड्राइव्हने बदलत नाही, आणि गाडी विकताना हे कोणी सांगत नाही याचं आम्हाला वाईट वाटतं.

मोकळ्या मैदानात बाबांना सराव करू द्या. टाच ब्रेकच्या समोर जमिनीवर टेकलेली हवी. ॲक्सिलरेटरसाठी फक्त पंजा वळवायचा. सपाट जागेत गाडी लावताना ॲक्सिलरेटरला हातच... पायच लावायचा नाही. ब्रेक सैल केला की एएमटी स्वतःहून सरकते, तेवढं पुरतं. रिव्हर्स घेताना मान आणि कंबर वळते, तेव्हा टाचही सरकते. आधी पाय जागेवर आहे का ते बघून मगच वळायचं. सैल चप्पल नको. मधुमेहामुळे तळव्यांची संवेदना कमी झाली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गाडी देऊ नका.

प्रश्न : हायवेवर ॲक्सिलरेटर अडकला तर गाडी बंद करायची की नाही? आम्ही वरचेवर धुळ्याला जातो. – सुदामानगर, इंदूर

उत्तर : आधी ब्रेक, मग न्यूट्रल, मग रस्त्याची कड, आणि गाडी थांबल्यावर इंजिन बंद.

ब्रेक एकदाच, पूर्ण ताकदीने दाबा आणि धरून ठेवा. सोडून-दाबून करू नका. बऱ्याच पेट्रोल गाड्यांत ब्रेकला मदत करणारा बूस्टर इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतो, आणि थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) पूर्ण उघडा असताना व्हॅक्यूम तयार होत नाही. साठलेला एक-दोन वेळा दाबण्यात संपतो, मग पेडल दगडासारखं लागतं. न्यूट्रलमध्ये इंजिन किंचाळेल; किंचाळू द्या, इंजिनचे फेरे मर्यादेत ठेवणारा रेव्ह लिमिटर ते सांभाळतो. न्यूट्रल लागतच नसेल तरच चालत्या गाडीत इंजिन बंद करा. बटण साधारण ३ सेकंद दाबून धरावं लागतं, काही गाड्यांत लागोपाठ दाबावं लागतं. आपल्या गाडीचं मॅन्युअल आज बघून ठेवा. किल्ली असेल तर एकच टप्पा मागे, बाहेर काढायची नाही, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल. इंजिन बंद झालं की स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही जड होतात. वाटेतल्या घाटाच्या उतारावर हे करावं लागू नये, म्हणून तिथे आधीच खालच्या गिअरमध्ये उतरा.

अडकण्याचं सर्वांत साधं कारण मॅट. २००९ मध्ये टोयोटाने अमेरिकेत लाखो गाड्या याच कारणासाठी परत बोलावल्या. पुढे नासाच्या अभियंत्यांनी इलेक्ट्रॉनिक्सही तपासलं. २०११ च्या अहवालानुसार त्यात कारण सापडलं नाही, अडकणारं पेडल आणि मॅट मात्र सापडले. आपल्याकडे मूळ मॅटवर जाड सेव्हन-डी मॅट टाकतात. एकावर एक नको. हूक लावलेला हवा, आणि इंजिन बंद ठेवून ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला तर तो कुठेही न घासता झटकन वर यायला हवा. पाण्याची बाटली ड्रायव्हरच्या पायाशी कधीच नको. घरंगळत ब्रेकखाली गेली तर ब्रेक दबत नाही.

प्रश्न : जुन्या डिझेल गाडीची रेस आपोआप वाढली, किल्ली बंद करूनही इंजिन थांबेना, निळा-पांढरा धूर निघाला. असं का? – महू

उत्तर : बहुधा टर्बोचं (इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या पंख्याचं) सील गेलं आणि इंजिन स्वतःचंच ऑइल जाळू लागलं. किल्ली डिझेल तोडते, ऑइल नाही. गरजेपेक्षा जास्त ऑइल भरल्यानेही असं होतं. त्या क्षणी हँडब्रेक ओढा, ब्रेक घट्ट दाबून धरा, सर्वांत वरचा गिअर टाका आणि क्लच सोडा. इंजिन गुदमरून बंद पडतं. पुढे माणूस उभा असेल तर हे करू नका. साधलं नाही तर सगळे गाडीपासून लांब व्हा. बॉनेट उघडून वाकू नका, इंजिन फुटू शकतं. नंतर स्टार्ट करून बघू नका, टो करून न्या. इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा भाग) आणि पाइपमध्ये साठलेलं ऑइल मेकॅनिककडून पूर्ण काढून घ्या, नाहीतर नवा टर्बो बसवल्यावरही पहिल्याच स्टार्टला हाच प्रकार होऊ शकतो.