फॅक्स बंद पडला की आधी नोंदी बघ

भाऊ, जळगावच्या त्या ऑफिसात फॅक्सचं सॉफ्टवेअर दिवसातून चारदा बंद पडतं म्हणालास. लगेच काढून पुन्हा टाकायला बसू नकोस, त्यात त्याच्या लॉग फाइली, म्हणजे काय कधी बिघडलं त्याच्या नोंदी, पुसल्या जाऊ शकतात.

आधी विचार, एकाच कॉम्प्युटरवर होतं की सगळ्यांवर? सगळीकडे एकदम होत असेल तर सर्व्हर बघ. एकावरच असेल तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजचं नोंदी दाखवणारं साधन) ॲप्लिकेशनच्या नोंदींत १००० क्रमांकाची एरर शोध. तिथे 'फॉल्टिंग मॉड्यूल' (ज्या भागात बिघाड झाला तो) म्हणून फाइलचं नाव असतं, ते वेळेसकट वहीत उतरव. दरवेळी तेच नाव आलं तर धागा सापडला. बऱ्याचदा ते प्रिंटर ड्रायव्हरचं, म्हणजे प्रिंटर चालवणाऱ्या प्रोग्रामचं निघतं, कारण वर्डला नेटवर्क फॅक्स हा प्रिंटरच वाटतो. पान स्पूलरमधून, म्हणजे छपाईची रांग सांभाळणाऱ्या विंडोजच्या प्रोग्राममधून जातं आणि १७२८ ठिपके रुंदीचं काळं-पांढरं चित्र बनतं. रांगेत एखादी बिघडलेली फाइल अडकली, की स्पूलर सुरू केला तरी पुन्हा कोसळतो. तो थांबव, रांगेतल्या फाइली दुसरीकडे कॉपी कर, मगच फोल्डर रिकामं कर. मी धुळ्यात एकदा न विचारता पुसलं होतं. त्यात एका जिनिंगवाल्याचा कापसाचा सौदा होता. ती चूक मला अजून सलते.

एक मात्र लक्षात ठेव. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. अख्खा कॉम्प्युटरच बंद होत असेल तर आधी पंख्यातली धूळ काढ.

मॉड्यूलचं नाव मिळालं की संध्याकाळी फोन कर.